सोडाल्याला मी उतरले

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. नवऱ्याला माझं सगळं पाठ आहे, मैत्रिणींना त्याहून जास्त. लग्नाआधी कुणी चिठ्ठी दिली होती इथपासून ते परवा मी खीर करपवली इथपर्यंत सगळं मी स्वतःच सांगत सुटते. पण एक गोष्ट राहिली. अकरा वर्षं राहिली. आज ती तुमच्यापुढे का काढतेय — खरंच ठाऊक नाही. तुम्ही मला भर बाजारात भेटणार नाही, हे एक कारण असेल.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवरा विमा कंपनीत होता, बदली होत होत जयपूरला आलो आणि वैशाली नगरात असे रुजलो की निवृत्तीनंतरही हललो नाही. तिथल्याच एका खासगी शाळेत मी वीस वर्षं गणित शिकवलं. ते दिवस आठवले की मला अजून उबदार वाटतं. हिवाळ्यात मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या गच्चीवर ऊन खात वह्या तपासत बसायचो. एका हाताने शेंगा सोलायच्या, दुसऱ्या हाताने लाल पेन. वह्यांवर शेंगांची टरफलं आणि तेलाचे डाग — पालकांच्या तक्रारी यायच्या. उन्हाळ्यात आंधी आली की वर्गात बारीक वाळू शिरायची आणि मुलं बाकांवर बोटाने एकमेकांची नावं लिहायची. मी रागवायचे. आत्ता ते सगळं लिहितानाही हसू येतंय.

माथुर सर याच दिवसांतले. विज्ञान शिकवायचे, पन्नाशीचे, काटकुळे, बायकोने विणलेला एकच राखाडी स्वेटर सगळा हिवाळा घालायचे. सोडाल्याला राहायचे आणि तिथून शनिवारी कांद्याची कचोरी आणायचे, वर्तमानपत्रात बांधून. सगळ्यांना अर्धी, मला अख्खी. कारण काय, तर त्यांना पहिल्यांदा मी पोहे खाऊ घातले तेव्हा, एवढ्याशा पोह्यांवर आमचा नाश्ता भागतो हे पाहून, ते म्हणाले होते, “कुलकर्णी मैडम, इतनी भूखी क़ौम मैंने नहीं देखी.” आमची अशी थट्टामस्करी चालायची. मी त्यांच्या स्कूटरला भंगार म्हणायचे, ते माझ्या हिंदीला. त्यांची विद्यार्थ्यांशी वागणूक — हे मी मुद्दाम सांगते — अगदी सरळ होती. मुलींना ‘बेटा’ आणि मुलांनाही ‘बेटा’. इतक्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द ऐकू आला नव्हता.

आता नियमांचं सांगायला हवं. त्या काळात सगळ्याच शाळांत नवे नियम येत होते, आमच्याकडेही आले. शिक्षकाने विद्यार्थ्याला स्वतःच्या गाडीवर बसवायचं नाही. खासगी नंबरवरून बोलायचं नाही. बंद खोलीत एकट्या मुलासोबत थांबायचं नाही. आणि मुलींना बाहेर कुठे नेलं, तर शेवटची मुलगी घरच्यांच्या हाती जाईपर्यंत बाई शिक्षिकेने जागा सोडायची नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. कुणी कुरकुरलं, पण नियम चांगले होते. मला तेव्हाही पटले होते. मुलं कुणाच्या भरवशावर सोडायची नसतात, एवढाच त्यांचा अर्थ होता.

पण कागद वेगळा आणि रीत वेगळी. सहलीला, स्पर्धेला नेलं की परतल्यावर एका रजिस्टरमध्ये लिहावं लागे — सर्व विद्यार्थी पालकांकडे सोपवले, वेळ अमुक, सही. फाटकावर गाड्यांची झुंबड, हॉर्न, आया, आजोबा. तिथे कोण रजिस्टर घेऊन उभं राहणार? म्हणून आम्ही बसमध्येच सही करून टाकायचो. अंदाजाने वेळ घालायची. सगळे करायचे. माथुर सरही करायचे. वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि तिसरी गोष्ट — नाटक. हसू नका. आमच्या मराठी मंडळाने त्या वर्षी नाटक बसवायला घेतलं होतं, आणि मला त्यात मोठं काम मिळालं होतं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी! शाळेत मी मैडम, घरी आई, सोसायटीत ‘वो महाराष्ट्र वाली’. मंडळाच्या तालमीत मात्र मला नावाने हाक मारायचे. घरातल्या मुलांशीसुद्धा अर्धं हिंदीत बोलावं लागणाऱ्या बाईला तीन तास नुसतं मराठी बोलायला मिळणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. तालीम सोडाल्याला एका सदस्याच्या घरी असायची, सहा वाजता.

त्या दिवशी सीतापुऱ्याला एका कॉलेजात विज्ञानाची स्पर्धा होती. आठ मुलं, माथुर सर आणि मी. परत यायला उशीर झाला. बस सोडाल्यावरून शाळेकडे जाते. मी रजिस्टर मांडीवर घेतलं, लिहिलं — सर्व विद्यार्थी पालकांकडे सोपवले, सव्वासहा — आणि सही केली. मग सरांना म्हटलं, मी इथेच उतरते, तुम्ही आहातच. ते म्हणाले, “जाइए जाइए, हीरोइन लेट हो रही है.” आणि सोडाल्याला मी उतरले.

पुढचं मला नंतर कळलं. सात मुलांना न्यायला माणसं आली. आठवी उरली ती मधुरा. नववीतली, दोन वेण्या, फार हुशार. मूळचे साताऱ्याकडचे; वडील सैन्यात सुभेदार, तेव्हा दूर सीमेवर होते; आई आणि धाकटा भाऊ इथे मिलिटरीच्या क्वार्टरमध्ये. भावाला ताप भरला म्हणून आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती आणि तिचा फोन बंद पडला होता. पाऊण तास सर फाटकाशी तिच्यासोबत उभे राहिले. ऑफिसला कुलूप. त्यांनी मला फोन केला. तीनदा केला. माझा फोन पर्समध्ये आणि पर्स दुसऱ्या खोलीत. मी संवाद म्हणत होते. शेवटी त्यांनी पोरीला स्कूटरवर मागे बसवलं आणि क्वार्टरच्या फाटकावर सोडून आले.

तालीम संपल्यावर मी ते तीन फोन पाहिले. उद्या विचारू म्हटलं. मनात आलं, सर वैतागले असतील, कचोरी बंद होणार.

कचोरी नाही, सगळंच बंद झालं. कुठल्याशा पालकाने सिग्नलला ती दोघं पाहिली होती. पालकांच्या ग्रुपवर प्रश्न आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्राचार्यांच्या टेबलावर लेखी तक्रार. चौकशी समिती बसली — प्राचार्य, व्यवस्थापनाचे एक गृहस्थ, बाहेरून एक वकील बाई. बसली तेही योग्यच होतं. सरांनी नियम मोडला होता आणि ते त्यांनी लगेच कबूल केलं. मुलगी एकटी होती, मी सोडून आलो, निर्णय माझा, एवढंच बोलले. माझं नाव घेतलं नाही. तिथेच ते संपलं असतं — एक ताकीद, फाइलमध्ये एक कागद. पण समितीने मधुरालाही विचारलं, आणि तिने जे होतं ते सांगितलं. कुलकर्णी मैडम सोडाल्याला उतरल्या होत्या.

म्हणून मला बोलावलं. त्याआधी मी काय केलं सांगू? बाथरूममध्ये जाऊन फोनमधले ते तीन मिस्ड कॉल पुसून टाकले. म्हणजे घाबरून तोंडून काहीतरी निघून गेलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी तयारी करून गेले होते.

माझ्यापुढे ते रजिस्टर उघडं ठेवलेलं. वकील बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, “मैडम, जब आप निकलीं, सब बच्चे जा चुके थे?”

मी म्हटलं, “जी.”

एवढंच. एक अक्षर. त्या अक्षराने काय होतं हे मला कळत नव्हतं का? गणिताची बाई मी. सगळी मुलं गेली असतील, तर ही मुलगी मागे कशी राहिली? कुणी ठेवून घेतली? आणि मग ती एकटी होती असं सर का सांगतात? नियम मोडणारा एक दयाळू माणूस माझ्या ‘जी’ने खोटं बोलणारा माणूस झाला, आणि मुलीबाबत खोटं बोलणाऱ्या पुरुषाबद्दल लोक पुढे काय समजतात ते सांगायला नको. बसचा ड्रायव्हर ठेकेदाराचा, तो दुसऱ्या मार्गावर गेला होता. बाकीच्या मुलांना विचारू नये असं ठरलं, बोभाटा होईल म्हणून. राहिलं रजिस्टर आणि मी. स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण सह्या आधीच करतो. कुणी बोललं नाही. पण त्यांचं मी काय काढू?

सरांना आत बोलावून विचारलं, मैडम असं म्हणतात, तुमचं काय म्हणणं? त्यांच्या फोनमध्ये ते तीन कॉल असतीलच. त्यांनी फोन खिशातून काढला नाही. माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही, मी आत्ता काहीतरी बोलेन अशी वाट पाहिल्यासारखं. मी पाण्याच्या ग्लासवरची बशी सरळ करत बसले. मग ते म्हणाले, “मैडम कह रही हैं तो ठीक ही कह रही होंगी.”

आठवड्याभरात त्यांच्याकडून राजीनामा घेतला. सव्वीस वर्षांची नोकरी. दुसऱ्या शाळांनी कारण विचारलं, आणि कारण कळल्यावर नाही म्हटलं. सीतापुऱ्याला कपड्यांच्या एका कारखान्यात गोदामावर काम करतात असं पुढे कानावर आलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, आगीशिवाय धूर निघत नाही. मी मान हलवली. खरं बोलले असते तर माझं काय जाणार होतं? एक मेमो. फार तर मला मिळू घातलेली कोऑर्डिनेटरची जागा वर्षभर लांबली असती. तेवढ्यासाठी. आणि राजीनाम्याच्याच आठवड्यातल्या शनिवारी आमचं नाटक झालं, छान झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती गोष्ट. मी स्वतःशी आजवर इथपर्यंतच येत होते, आणि सरांची आठवण काढून थोडं रडून परत फिरत होते. पण अजून थोडं आहे.

समितीने मधुराच्या आईला कळवलं की मुलगी चौकशीत खोटं बोलली. ती बाई माझ्या घरी आली. साताऱ्याकडची, पदर खांद्यावरून घेतलेली. सगळं जयपूर मला मैडम म्हणायचं, ती एकटी मला बाई म्हणायची. तिच्या मुलीला या शाळेत घातलं तेही मी आहे म्हणून. सोफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, “बाई, हितं आमचं दुसरं कोन हाय? तुमीच सांगा. त्या मास्तरनं माझ्या पोरीला काय केलं तर न्हाई ना? आन् पोरगी खोटं कशापायी बोलती?”

तिच्या मनातली ती भीती मी एका वाक्यात काढू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो. समिती नव्हती, रजिस्टर नव्हतं. आणि मी तिला म्हटलं, काळजी करू नका, तसं काही झालेलं नाही. पण या वयात मुली अशा बोलतात. कुणा मास्तरांचा लळा लागला की त्यांना वाचवायला बघतात. जरा लक्ष ठेवा. मी तिला समजावलं. चहा दिला. जाताना ती माझ्या पाया पडली.

दोन दिवसांनी ती पोरीला घेऊन आली. मधुराचा एक गाल सुजलेला होता. तिच्या एका वेणीची रिबन सुटली होती आणि तिने ती बांधली नव्हती. आईने पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. मधुराने माझ्याकडे सरळ पाहिलं. चौदा वर्षांच्या त्या मुलीला आणि मला, दोघींनाच त्या घरात खरं काय ते माहीत होतं. मग ती, हिंदीतच वाढलेल्या मुलीच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “मैडम, सॉरी. मी झूठ बोलले होते.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, असू दे, पुन्हा असं करायचं नाही. आणि तिला माफ केलं.