चाल खेळायला माणूस हवा

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या बाईंना एक वेड होतं. त्या बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहीत. दिवसभर लोकांचे नंबर आणि संध्याकाळी जेवण उरकलं की तो प्रोग्रॅम, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. घरात कौतुक शून्य. त्यातही थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तर पार निकाल लावून टाकला होता. लहानपणी बाईंना पट मांडायला त्यानेच शिकवलं, पण प्रोग्रॅमचा विषय निघाला की तो हात झटकून म्हणे, "खेळतं ते यंत्र. तू नुसती शेजारी बसून असतेस. तुझं काय त्यात?"

हे बोलणं बाईंना फार लागे. म्हणून एकदा तरी दादाने येऊन बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि यंदा, गुडघे कुरकुरत असतानाही, तो चक्क "येतो" म्हणाला होता.

आता दादाला दाखवायचं म्हणजे स्पर्धेत, आणि स्पर्धा म्हणजे कार्यवाहांच्या हातात. इथे जरा थांबून या माणसाबद्दल बोलायलाच हवं. कॉम्प्युटरांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरवायचा मक्ता जणू त्यांनी जन्मतःच घेतला होता, आणि प्रत्येक अडचणीला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: "होऊन जाईल हो." एका वर्षी टेबलं होती, खुर्च्या होत्या, फक्त भिंतीला प्लग नव्हता. कॉम्प्युटरच्या स्पर्धेला! दुसऱ्या वर्षी पलीकडच्या खोलीत नाचाचा क्लास होता आणि पटावरची प्यादी तालावर हलत होती. प्रेक्षक कधीच नसत, कारण स्पर्धा आहे हे कुणाला कळतच नसे. निकाल विचारायला गेलं तर कार्यवाह उलट विचारत, "तुम्हीच होता ना तिथे? मग?" असा माणूस समोर आला की बोलावं तरी काय!

म्हणून यंदा बाईंनी स्वतःच कागद रंगवून चौकाचौकांत चिकटवले. वाचनालयाचा हॉल, सकाळी दहा, सर्वांना प्रवेश. दादालाही तोच पत्ता दिला.

ठरल्या दिवशी बाई कॉम्प्युटर पोटाशी धरून वाचनालयात पोचल्या, तर दाराला कुलूप. फोन केल्यावर कार्यवाह म्हणाले, "अहो, जागा बदलली की! पोहण्याच्या तलावाच्या वरची खोली. नोटीस लावलीय."

"कुठे लावलीय?"

"इथेच. तलावाच्या दारावर."

म्हणजे जो बरोबर पोचेल त्यालाच कळणार की चुकीच्या जागी जायचं नव्हतं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दादाचा फोन लागेना. त्यांनी वाचनालयाच्या दारावर नवा पत्ता लिहून लावला आणि पळत सुटल्या.

तलावावर बॅनर होता, पण गेल्या वर्षीच्या टेबल टेनिसचा. वरून पांढरी पट्टी लावून 'बुद्धिबळ' लिहिलं होतं, बॅट मात्र तशीच दिसत होती. खोलीत क्लोरीनचा वास. समोर कायम पहिले येणारे प्राध्यापक त्यांच्या प्रोग्रॅमसह बसले होते. या स्पर्धेत माणसाने डोकं चालवायचं नसतं. पडद्यावर उमटलेली चाल पटावर खेळायची, घड्याळ दाबायचं, समोरच्याची चाल टाईप करायची, बस्स. पण चाल पटावर झाल्याशिवाय झाली असं धरत नाहीत, म्हणून माणूस जागेवर हवाच.

आणि त्या दिवशी बाईंचा प्रोग्रॅम असा काही खेळायला लागला की प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसले. डाव ऐन भरात आला होता. प्रोग्रॅम पुढच्या चालीचा विचार करत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, मी पायरीवर बसलोय केव्हाचा," दादा म्हणाला. शेजारच्या दुकानातल्या फोनवरून बोलत होता. "कुलूप आहे. दारावर काहीतरी चिकटवलंय, पण वाचायचा चष्मा घरी राहिला. तुझी स्पर्धा आहे ना, की तीही नाही?"

आता काय करावं? उठावं तर डाव, बसावं तर दादा. परक्या रस्त्यांवर तो एकटा येणं शक्य नव्हतं. बाईंनी कार्यवाहांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "पडद्यावर येईल ती चाल खेळा आणि घड्याळ दाबा. एवढंच. उठू नका."

"अहो, जा बिनधास्त. होऊन जाईल."

ते शब्द ऐकूनच बाईंनी परत फिरायला हवं होतं.

दादाला रिक्षात घालून, जिना एकेक पायरी चढवून त्या वर आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. घड्याळात त्यांच्या बाजूचा वेळ संपला होता. पडद्यावर चाल केव्हाची येऊन थांबली होती. प्राध्यापक अवघडून उभे राहिले. "मी दोनदा हाक मारली हो. मला तुमच्या सोंगट्यांना हात लावता येत नाही."

कार्यवाह खाली बॅनरसमोर फोटो काढून घेत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता, आणि त्याला नेमका तोच मुहूर्त सापडला होता. वर येऊन ते हसत म्हणाले, "आता प्रसिद्धी मिळणार बघा आपल्याला!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं, आणि लाजेनेही. दादाला आणून दाखवलं काय, तर हरलेला डाव.

दादा मात्र पटावर वाकला होता. "पडद्यावर काय लिहिलंय, वाच."

"हत्ती देतोय तो. राजासमोरचं प्यादं मारून."

"हत्ती फुकट द्यायचा नसतो, सांगितलं होतं ना तुला?" असं म्हणाला खरा, पण मग चाली मोजू लागला. राजाने हत्ती मारला तर घोडा येतो, नाही मारला तर वजीर. बोट हवेत फिरवत त्याने सगळ्या वाटा बघितल्या. पुन्हा बघितल्या.

"मात आहे," तो हळूच म्हणाला. "हे तू शिकवलंस याला?"

"द्यायला शिकवलं. कुठे द्यायचा ते त्याने शोधलं."

कार्यवाह सोंगट्यांची पेटी घेऊन आले. "आजोबा, डाव संपला. पट उचलायचाय."

"थांबा हो जरा," दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "चाल आमची आहे."

आणि त्याने हत्ती उचलला.