एकाच नावाचं दुखणं

दादाला आणि शेजारच्या वहिनीला एकच आजार आहे, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला ते मुळीच पटलं नाही. ऐंशीच्या दशकातली, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावातली ही गोष्ट. दादा एका जागी टिकत नसे. कानात कुणीतरी बोलतंय म्हणून घरापासून तळ्यापर्यंत येरझाऱ्या. त्याच्यामागे माय, मायच्या मागे मी. वहिनी मात्र भिंतीला टेकली की तिथेच. घास हातात दिला तर हातातच राहायचा. आणि दोघांच्या चिठ्ठीवर शब्द तोच, स्किझोफ्रेनिया.

"ताप दोघांले येते, म्हणून ताप एकच असते काय?" डॉक्टर म्हणाले. वहिनीच्या सासऱ्यांनी ते कानाआड केलं. तिचा नवरा दूर कोळशाच्या खाणीवर, घरात चालायचं ते सासऱ्यांचंच.

गोळ्यांनी दादा पावसाळ्यापर्यंत निवळला. रोवणीला धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलाच्या शेतात उतरला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या बायांकडे फेकू लागला. आमच्याकडे माणूस बरा झाला की नाही हे डॉक्टर सांगत नाही, रोवणी सांगते.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी वहिनीला बांधीत नेलं. "आज रोवलं नाई, त माहेरी धाडतो," असं गावासमोर बोलून. बाकीच्या बाया रोवत रोवत मागे सरकत गेल्या, ही हातात जुडी धरून चिखलात उभी ती उभीच. मला बघवेना, आणि तिथून हलवेना.

"रोग तोच, गोळ्या त्याच. तुमचा पोरगा कामाले लागला, इले काऊन नाई होत? सोंग करून राह्यली," सासरे मायला म्हणाले.

"भाऊ, दोघांचा जीव एक नाई," माय चिखलातूनच भांडली. पण जो तो पुरावा म्हणून दादाकडे बोट दाखवी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली बातमी अशी कुणाच्या मुळावर येईल, हे कुणाच्या मनात आलं होतं?

पोळ्याआधीच वहिनीची बैलबंडी माहेरच्या वाटेला निघाली. दादा कुंपणाशी उभा होता. बंडी दिसेनाशी झाल्यावर मायला म्हणाला, "मी बरा नसतो झालो, त तिले ठेवलं असतं त्यायनं."

संध्याकाळी माय गोळी आणि पाणी घेऊन त्याच्यासमोर बसली. त्याने तोंड उघडलं नाही.