मावशीची बॅटरीगाडी

"पोचलं समजा, भाऊ."

ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीच्या पेटीत आडवा बसवून पट्टा आवळला, की मावशी एवढंच बोलायच्या आणि ओल्या दुपट्ट्याने तोंड पुसून निघायच्या. पत्ता त्यांना एकदाच सांगावा लागे.

अकोल्यात माझं रुग्णसाहित्य भाड्याने देण्याचं दुकान आहे. खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, घरी ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी सिलिंडर. जुन्या शहराच्या बोळांत टेम्पो शिरत नाही, म्हणून मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी मालाची सायकल घेतली. तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. आपण पेडल मारायचं आणि मोटरने जोर लावायचा. पण ती चालवायला कोणी टिकेना. मावशी तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, चौकात भाजीचा गाडा लावायच्या. एक दिवस स्वतःच येऊन म्हणाल्या, "मी पाहू काय चालवून? जिंदगीभर गाडा ढकलला. हे तं सोतःच चालून राहिली."

लोकांना पटायचं नाही. एका दारात कोणी विचारलं, "एवढं वजन तुमी आनलं?"

"गाडीनं आनलं," मावशी म्हणाल्या. "मी फक्त तिले रस्ता दाखवला."

नळी जोडून झाली तरी त्या निघत नसत. रुग्णाचा श्वास संथ होईपर्यंत उंबऱ्याशी थांबत. इकडे दुसरे फोन वाजत असायचे. मी चिडायचो, "मावशी, पोचवलं की झालं ना!"

"पोचवलं भाऊ. पन लागू पडलं का, थे पाहा लागते ना."

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या मला दोनदा म्हणाल्या, "बॅटरी दम धरून नाही राहिली. चढावर गाडी मरते." मी म्हणालो, बदलू पावसाळ्याआधी. मावशी कधी कुरकुरत नसत. त्या दोनदा सांगताहेत म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मे महिन्यातली दुपार. रेल्वेच्या उड्डाणपुलापलीकडे एक निवृत्त गुरुजी राहायचे. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र होतं. त्या दिवशी वीज गेली, जोडीला ठेवलेला सिलिंडरही संपत आला. गुरुजींच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. टेम्पो मूर्तिजापूरला गेला होता. मावशींची ती तिसरी फेरी होती, तरी त्या लगेच निघाल्या.

पाऊण तासाने काकूंचा पुन्हा फोन. सिलिंडर अजून आला नव्हता. मी दुकान तसंच टाकून स्कूटर काढली.

मी पोचलो तेव्हा गाडी दाराशी उभी होती. मावशी भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. पुलाच्या चढावर बॅटरी उतरली होती. तिथून त्यांनी गाडी ढकलत आणली होती. गुरुजी थोड्याच वेळापूर्वी गेले होते. बोलावलेली अॅम्ब्युलन्स त्यानंतर आली. त्यांच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की आज ना उद्या हे होणारच होतं. मला त्याचा आधार वाटला नाही.

गुरुजींचा मुलगा बाहेर आला. "एवढा उशीर काहून झाला?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी म्हणाल्या, "माये पाय कमी पडले, बाबू. चढावर दम लागला."

मी शेजारीच उभा होतो. काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी बसवली. मावशींनी ती पाहिली. "बरं झालं," म्हणाल्या. पुढची तीन वर्षं त्यांनी गाडी चालवली, पण तो विषय कधी काढला नाही. जाता-येता त्या काकूंकडे डोकावून येत. मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मावशी लेकीकडे वरूडला गेल्या. तिथेच, झोपेत गेल्या. लेकीचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. गर्दी सरल्यावर मी काकूंकडे गेलो. आधी मावशींची बातमी सांगितली. मग बॅटरीचं सांगितलं. दोनदा सांगूनही मी ती बदलली नव्हती, हेही.



"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या.

"मावशींनी सांगितलं?"

"नाही. त्या दिवशी यांना नेल्यावर मी पाहिलं, तर ती अंगणातच बसून होती. एक चप्पल पुलावर कुठंतरी राहिली होती. मी पायावर पाणी टाकलं. तळव्याचं कातडं निघालं होतं हो. असे पाय कमी पडले म्हणे. कसं मानू मी?"

मला मान वर करवेना.

"तुमचं नाव घेतलं की ती एवढंच म्हणे, भाऊ येईन एक दिवस. काहून येईन, ते तिनं कधी नाही सांगितलं."

काकूंनी मला पाणी आणून दिलं. मी ते पिईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या.