पत्रकाच्या तळाचं सतरावं नाव

माझ्या मित्राचा व्हिसा माझ्यामुळे गेला. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पत्रकं लिहून लिहून मला प्रत्येक गोष्टीचा दोष वरच्या कुणावर तरी ढकलायची सवय लागली आहे, आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत मी तेच करत बसलो असतो.

आम्ही बारावीपर्यंत एका बाकावर. त्याच्या वडिलांचं दुसरबीडला रस्त्याकाठी दुकान आहे, ट्रॅक्टर-टेम्पोच्या सीटा शिवायचं. तो इंजिनिअर झाला, पुण्याला लागला. मी बी.ए. झालो आणि आंदोलनाला लागलो. तो फोनवर विचारायचा, "काय बे नेते, आज कोणाच्या नावानं बोंबलून राह्यले?"

मागच्या वर्षी त्याला न्यूझीलंडच्या एका कंपनीनं घेतलं. शेतातला पंप फोनवरून चालू-बंद करायची पेटी ही कंपनी बनवते. धंदा असा वाढत होता की दर महिन्याला नवी माणसं भरत होते. व्हिसा कंपनीच काढून देणार होती. म्हणजे तिथल्या सरकारला कंपनीनं लिहून द्यायचं की हा माणूस आम्हाला पाहिजे, त्याची जबाबदारी आमची. तो कागद त्यानं मला फोनवर पाठवला. मी तो तीनदा वाचला. आमच्या भागातली पोरं अर्ज घेऊन दारोदार फिरतात. आमच्यातला कुणी पाहिजे आहे असं लेखी दिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. त्याच्या अम्मीनं, मी त्यांना चाची म्हणतो, अख्ख्या गल्लीत बालूशाही वाटली आणि जालन्याहून दोन स्वेटर आणले. तिकडे थंडी असते म्हणे.

सगळे कागद झाले. एक राहिला. या माणसावर गुन्हा नाही, असा पोलिसांचा दाखला.

तो दाखला काढायला ठाण्यात गेला, त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज एकदम हळू.

"माझ्यावर केस आहे म्हणते."

"कायची केस?"

"तूच सांग. तुमच्या रास्ता रोकोची. मी त रस्त्यावर आलोच नव्हतो."

मला लगेच कळलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या रस्त्यासाठी आम्ही फाट्यावर दोन तास वाहतूक अडवली होती. रस्ता असा, की गरोदर बाई दवाखान्यात पोचायच्या आत मोकळी व्हायची. त्याचं पत्रक मी लिहिलं. आमच्याकडे पत्रकाच्या तळाला 'आपले नम्र' लिहून खाली नावांची रांग लावतात. नावं जितकी जास्त तितकं वजन. कुणी कुणाला विचारत नाही. उलट लग्नपत्रिकेसारखंच, नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. सोळा नावं झाली होती. सगळी आमच्यासारखी, बी.ए. आणि बेकार. मी सतरावं टाकलं, त्याचं, आणि पुढे लिहिलं 'इंजिनिअर'. पत्रक एकदम भारदस्त दिसायला लागलं. तो त्या दिवशी पुण्यात कामावर होता. त्याला मी सांगितलंही नाही. चांगलंच करतोय असं वाटत होतं.

पोलिसांनी रस्त्यावर कोण बसलंय हे मोजलं नाही. पत्रक उचललं आणि तळाची नावं वरून खालपर्यंत उतरवून घेतली. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं. आम्ही तेव्हा एकमेकांना पेढे दिले होते. केस म्हणजे आमच्यात पदक. समन्स कुणालाच आलं नाही, आणि आम्ही विसरून गेलो.

रस्ता मागितला म्हणून गुन्हेगार ठरवणाऱ्या व्यवस्थेवर मी चार पानं लिहू शकतो. लिहिलीही आहेत. पण माझ्या मित्राचं नाव त्या व्यवस्थेला कुणी पुरवलं?

त्याच्या पुण्याच्या कंपनीतून रास्ता रोकोच्या दिवसाच्या हजेरीचा कागद आणून मी ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा, भला माणूस.

"भाऊ, मले पटते. पण कॉम्प्युटरमंदी नाव आहे. आहे ते मले लिहाच लागते. हे तुम्ही कोर्टात दाखवा."

तिथून एका वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "सरकार अशा केसेस मागं घेते. वाट पाहा."

"किती?"

त्यांनी हात हलवला, वाऱ्यावर सोडल्यासारखा.

कंपनीनं सहा आठवडे वाट पाहिली. ते वाईट लोक नव्हते. एकदा मुदत वाढवली, स्वतःचा वकील दिला. मग पत्र आलं की काम थांबवता येत नाही, ही जागा आता दुसऱ्या कुणाला देत आहोत, फार वाईट वाटतंय. शेवटी त्याला पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा.

मी दुसरबीडला गेलो. चाचीनं नेहमीसारखा चहा ठेवला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बेटा, उस परचे पे तुम्हारा भी नाम था ना?"

"होतं चाची. पहिलंच."

"फिर तुमको क्या हुआ?"

मला काहीच झालं नव्हतं. केस झाल्यापासून गावात चार लोक जास्त नमस्कार करत होते.

तो आतल्या खोलीतून आला, दारात उभा राहिला.

"काऊन टाकलं बे माझं नाव?"

"बरं दिसत होतं."

तो हसला नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "आपण लढू. तहसीलवर उपोषणाले बसतो मी. उद्याच पत्रक काढतो, तुह्या केसचं, सगळ्या जिल्ह्यात—"

"नको." त्यानं हात वर केला. "एक काम कर माझं. याच्यापुढं माझं नाव कुठंच लिहू नको. चांगल्यासाठी बी नको."

त्या दिवसापासून त्याचे फोन बंद झाले. मी केले तर घेतो, हाव-नाही म्हणतो, ठेवतो.

पहिली तारीख गेल्या महिन्यात लागली. तालुक्याच्या कोर्टात आम्ही सतरा जण भिंतीला लागून उभे होतो. तो पुण्याहून रजा काढून आला होता, इस्त्रीचा शर्ट, माझ्यापासून पाच-सहा माणसं सोडून. नावं पत्रकाच्याच क्रमानं पुकारली. माझं पहिलं. त्याचं शेवटी. तो एक पाऊल पुढे आला आणि 'हजर' म्हणाला. जज साहेबांनी मान वर न करता पुढची तारीख दिली.

बाहेर मी त्याला गाठलं. चहा घेऊ म्हटलं.

"गाडी आहे माझी," तो म्हणाला, आणि स्टँडकडे चालायला लागला. गाडीला अजून दीड तास होता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.