हलिमाखालानं टाकलेला शब्द

मी अमेरिकेला शिकायला गेलो तो दुसऱ्याच्या वाट्याची संधी घेऊन. ती कुणाची होती हे मला जाण्याआधी माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो. आज माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य सरलं आहे. माझ्याबद्दल लोक जे चांगलं बोलतात त्याची सुरुवात त्या गप्प बसण्यापासून होते. म्हणून हलिमाखालाबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं.

हलिमाखाला आमच्या रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या एका गावातली. नवरा लवकर गेला. सहा वर्षांचा मुलगा भावाकडे ठेवून ती कुवेतला आली आणि अहमदीत, तेल कंपनीच्या एका अमेरिकन साहेबाच्या घरी आया म्हणून राहिली. माझे वडील हवल्लीजवळ एका व्यापाऱ्याच्या शोरूममध्ये टायपिस्ट होते. अमेरिकन मोटारी, फ्रिज, धुलाईयंत्रं असा सगळा माल तिथे यायचा. खाला नवी आली तेव्हा तिला विषमज्वर झाला होता. आईनं तिला आमच्या दोन खोल्यांत आणून, पेज भरवून बरं केलं. तेव्हापासून ती आईला 'वयनी' म्हणायची, मी तिला 'खाला', म्हणजे मावशी, आणि दर शुक्रवारी सुट्टी मिळाली की आमच्याकडे यायची.

येताना तिच्या काखेत मॅडमनं टाकून दिलेल्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा असे. तिला वाचता येत नव्हतं. ती मांडी घालून बसायची, चष्मा नसल्यामुळे मासिक लांब धरायची आणि फक्त जाहिराती बघायची. मजकुराचं पान आलं की, "ह्या पानावर निसत्या मुंग्या," म्हणून उलटायची. जाहिरात आली की थांबायची आणि मला प्रश्न विचारायची.

"मदू, ही बाय फ्रिज उगडून कोणाला हसते रे? आत कोण बसलाय काय?"

"कुणी नाही गं खाला. फ्रिज छान आहे म्हणून हसतेय."

"येडी हाय मग. आमची मॅडम फ्रिज उगडते तवा उसासा टाकते. आज काय शिजवायचा म्हणून."

दुसऱ्या एका पानावर मोत्यांची माळ घातलेली बाई लादी पुसत होती. खाला तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "लादी पुसायची तर मोती काढून ठेव गो बाय," ती चित्रालाच म्हणाली, "बालदीत पडला तर कोण शोधणार? माज्यावरच नाव येल."

मी तेव्हा मुंबईत कॉलेजात शिकत होतो आणि लांब सुट्टीत बोटीनं कुवेतला येत असे. त्या मासिकांनी माझं डोकं भारून टाकलं होतं. हिरवळ, तिच्यावर उभी असलेली लांबलचक मोटार, दारात उभा राहून हात हलवणारा बाप. त्या देशात माणसानं मनात आणलं की गोष्ट होते, असं प्रत्येक पान मला सांगायचं, आणि माझा त्यावर विश्वास होता. खिडकीबाहेर तूस, म्हणजे तिथलं धुळीचं वादळ, उठलेलं असायचं, दातांखाली वाळू करकरायची आणि मी एखाद्या साबणाच्या जाहिरातीवरून खालाला अमेरिकन माणसाच्या स्वभावावर व्याख्यान द्यायचो. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "तुजी अमेरिका कागदावरली. माजी मोरीतली."

एकदा आमचं यावरून भांडणच झालं. ती सांगत होती, मॅडमला भेंडी फार आवडते. खालानं बाजारातून भेंडी आणलेली बघून मॅडम स्वयंपाकघरात मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. तिच्या गावी, टेक्ससला, तिची आई परसात भेंडी लावायची म्हणे.

"काहीतरीच काय! अमेरिकेत भेंडी? कुठल्या चित्रात तरी बघितलीस का?"

"चित्रात नाय. ताटात बगितली. पिठात घोळून तळते. माज्या बाजूला बसून चिरते, आणि आयशीच्या गजाली सांगते. तिचा बाप नांगर धरायचा, ठाव हाय तुला? ती पण आपल्यासारी गावची. घोवाच्या मागनं इकडं येऊन पडली."

मला ते पटलं नाही. नांगर धरणारा अमेरिकन आणि भेंडी चिरणारी त्याची मुलगी माझ्या अमेरिकेत बसत नव्हती. मी म्हणालो, "खाला, तुला इंग्रजी कळत नाही, तू भलतंच समजलीस." ती आईकडे बघून हसली. "वयनी, तुजा लेक साहेबापेक्षा मोटा अमेरिकन झाला गो!"

खालाच्या मुलाचं नाव यूसुफ. त्याच्याबद्दल ती फार बोलत नसे. जाहिरातीत एखादा मुलगा सायकलवर बसलेला दिसला की मात्र तिचं बोट त्याच्यावर थांबायचं. "इवडा झाला असंल," म्हणायची. पुढच्या सुट्टीत मी आलो की तिचं बोट आणखी मोठ्या मुलावर थांबलेलं असायचं.

मग एका वर्षी मॅडम आणि साहेब कायमचे मायदेशी निघाले. जाणाऱ्या साहेबानं आपल्या घरच्या माणसांची एखादी सोय करून द्यायची, असा अहमदीत न लिहिलेला रिवाज होता. कुणाला नवं घर बघून द्यायचं, कुणाला रेडिओ द्यायचा. मॅडमनं खालाला सांगितलं होतं, नीट विचार कर आणि एक गोष्ट माग, साहेब ती करतील.

खालानं हे मला सांगितलं. आई तेव्हा शेजारी गेली होती.

"मी यूसुफचा सांगणार," ती म्हणाली. मासिक तिनं मिटून ठेवलं होतं. "साहेबानं सही दिली तर कंपनी तेला घेईल. काय पण काम असू दे, पाईप उचलू दे. एका गावात तरी ऱ्हाऊ. तेला मिशा फुटल्या म्हणतात. मी बगितल्या नाय रे." मग एकदम लाजून म्हणाली, "वयनीला आताच नको सांगू. काम झाला की मीच पेढे आणीन."

मी मान हलवली.

त्याच सुट्टीत माझ्याकडे एका अमेरिकन कॉलेजचं प्रवेशाचं पत्र येऊन पडलं होतं. पण माझ्या खर्चाची आणि वागणुकीची हमी घेणारा कुणी अमेरिकन माणूस हवा होता. वडिलांनी शोरूमच्या ओळखीतून खटपट केली. कुणी होय म्हणालं नाही. घरात दिवसभर तोच विषय होता. मी जेवत नव्हतो. आईला ते बघवेना.

पुढच्या शुक्रवारी आईनं कांदाभजी तळली. खाला आल्यावर तिच्यापुढे बशी ठेवली, समोर बसली आणि म्हणाली, "हलिमाबी, तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही."

खालाला काय कळायचं ते तेवढ्यावरच कळलं असावं. आई पुढे बोलत राहिली. मॅडमचा भाऊ त्या कॉलेजच्याच गावात असतो म्हणे. साहेबांनी शब्द टाकला तर तो हमी घेईल. तू मॅडमच्या कानावर घाल. पोराचं आयुष्य उभं राहील.

खालानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. ती नुसती वाट बघत होती. 'आई, खालाला यूसुफसाठी शब्द टाकायचा आहे,' एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या आईला हे कळलं असतं तर ती तिथल्या तिथे उठली असती, खालाचा हात धरून म्हणाली असती, आधी तुझा मुलगा. मला आई माहीत होती. म्हणूनच मी बोललो नाही. मी बशीतलं आणखी एक भजं उचललं आणि खाली बघून चावत राहिलो.

"बगते वयनी," खाला म्हणाली.

आणि तिनं बघितलं. साहेबांनी मॅडमच्या भावाला कळवलं, हमी आली, माझं जायचं ठरलं. आईनं तिला साडीचं कापड द्यायला काढलं तर तिनं घेतलं नाही. "तू मला पेज भरवलीस तवा मी काय दिला व्हता?" म्हणाली. मी निघताना तिनं माझी कॉलर सारखी केली. "थंय फ्रिज उगडून हसणारी बाय भेटली तर माजा सलाम सांग. आणि इचार, काय ठेवलाय आत."

त्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात भोजनगृहातल्या बाईनं माझ्या ताटात पिठात घोळून तळलेली भेंडी वाढली. मी ताट घेऊन कोपऱ्यात बसलो. ते मी कुणाला सांगितलं नाही. खालालाही कळवलं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक निबंध लिहायचा होता. विषय होता जाहिराती आणि अमेरिकन माणूस. मी खालाच्या डोळ्यांनी लिहिला. मुंग्यांची पानं, मोती घालून लादी पुसणारी बाई, नांगर धरणाऱ्या बापाची मुलगी जी कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. मी लिहिलं की जाहिरात वस्तू विकत नाही, ती एक माणूस विकते, आणि इथे जन्मलेली माणसंसुद्धा जन्मभर तो माणूस व्हायला धडपडतात. संधी सगळ्यांना आहे असं प्रत्येक पान ओरडून सांगतं, पण ती आपल्याला मिळाली तेव्हा रांगेतून कोण बाजूला झालं, ते कुठेच छापलेलं नसतं. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. पण वाक्य चांगलं होतं, म्हणून मी ते ठेवलं.

प्राध्यापकांनी तो वर्गात वाचायला लावला. मुलं हसली, टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती शेतकऱ्याची मुलगी होती, मोठ्या हाडाची, कमी बोलणारी. तिनं विचारलं, "जाहिरातीतल्या सगळ्यांना काय हवंय ते तुम्ही सांगितलंत. त्या आयाला काय हवं होतं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

वर्ग पुढे सरकला. मी खाली बसलो. आईसमोर मी नुसता गप्प राहिलो होतो. इथे, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, जिथे खरं बोलून माझं काहीही जाणार नव्हतं, तिथे मी सरळ खोटं बोललो.

शिक्षण झालं. मी जाहिरातीच्याच धंद्यात शिरलो. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनीनं मला एका फ्रिजच्या प्रचारासाठी कुवेतला पाठवलं. वडील निवृत्त होऊन आई-वडील देशी परतले होते. हवल्लीत आमच्या खोल्यांच्या जागी चार मजले उभे होते. खाला कुठे आहे ते मी गावच्या लोकांकडून शोधलं. ती रुमैथियात एका कुवेती कुटुंबात होती.

मी गेलो तेव्हा ती मागच्या अंगणात मुलांचे कपडे वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. घरातली मुलं 'मामा हलीमा, मामा हलीमा' करत तिच्याभोवती नाचत होती आणि ती त्यांना अरबीत दटावत होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"मदू! काय रे, अमेरिकेत खायला घालत नाय काय? आणि हा गळ्यात काय, उनात? सोड तो टाय."

पायरीवर बसून आम्ही चहा घेतला. आईची चौकशी झाली. मी काय काम करतो ते तिनं विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे त्या बायांना हसवतो तो तू?" ती खळखळून हसली. "चांगला काम हाय. बसून करायचा."

मग मी जे ठरवून आलो होतो ते बोललो. माझी आता इथे ओळख आहे, राई भागात आमच्या एजंटचं मोठं गोदाम आहे, हमी घेणारा कफील मिळेल, यूसुफला इथे आणू. मी घाईघाईनं, एकही जागा मोकळी न सोडता बोलत होतो, जसा गिऱ्हाइकांसमोर बोलतो.

तिनं पुरतं ऐकून घेतलं. "आता नको रे. तो ट्रक चालवतो, रत्नागिरी-कोल्हापूर. लगीन झाला. दोन पोरी हायत. तेचा सगळा तिकडंच." कप खाली ठेवून ती थोडा वेळ अंगणातल्या मुलांकडे बघत राहिली. "गेल्या साली मी गेले तर तो मला 'तुम्ही' बोलतो. 'तुम्ही चाय घेणार?' पावण्याला इचारतात तसा. वाईट नाय वागत. चांगला वागतो. पण आयला कोण 'तुम्ही' बोलतो रे?"

माझा चेहरा तिनं पाहिला असावा, कारण तिनं लगेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी लहानपणी पडलो असताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतोस? तुजा काय दोस? पोर व्हतास. माज्या मनात काय व्हता ते तुला काय ठाव."

तिला आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. सगळं आठवून तिनं मला सुटायला वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तर चहा संपला असता, मी निघालो असतो आणि तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नसता.

"नाही खाला," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. तू मला आधी सांगितलं होतंस, यूसुफचं. आईनं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, तेसुद्धा मी पाहिलं. मी बोललो असतो तर आईनं तुला थांबवलं असतं, म्हणून मी बोललो नाही. मी जाणून गप्प बसलो, खाला. मला माफ कर."