आज जेवायला कोणाकडे?

उपासना संपली, की मार्थाकाकू चर्चच्या दारात उभ्या राहतात आणि नव्या माणसाला एकच विचारतात, “आज जेवायला कोणाकडे?” आज एक संकोची मुलगी पुटपुटली, “पाळकांकडे.”

ही थाप मी लगेच ओळखली. बदली होऊन इथे आले, तेव्हा पहिल्या रविवारी मीही हीच मारली होती आणि खोलीवर जाऊन पोहे भिजवले होते. तासाभराने पाळकांच्या पत्नी दारात हजर. “तुम्ही येताय, असं काकू म्हणाल्या. आम्ही जेवायचे थांबलोय.” माझ्या खोट्यालाही त्या घराने पान वाढलं. सहभागिता हा शब्द प्रवचनांत खूप ऐकला होता. त्याची चव त्या दुपारी कळली.

मी मुलीचा हात धरला. “पाळक आज माझ्याकडेच जेवायला आहेत. चल.”

आता पाळकांना तेवढं सांगायला हवं.