आबांनी तोडलेलं कुंपण

तळेगावची जीप पवनानगरच्या नाक्यावर भरेपर्यंत माझे वडील, आबा, माझ्या गाठोड्यापाशी उभे होते. माझ्या लग्नाला महिना झाला होता, ह्यांना कंपनीत नोकरी लागली होती आणि आम्ही बिऱ्हाड हलवत होतो. आई रडत होती. आबांनी एवढंच सांगितलं, "तितं पान्याचं कसंय, ते आधी बघ." जीप सुटली तेव्हाही ते माझ्याकडे नाही, टपावरच्या सामानाची दोरी नीट आवळली आहे का, तिकडे बघत होते.

आपल्या गावातून दुबईला, पुण्याला गेलेल्यांना हे वाचून हसू येईल. एका जीपच्या अंतरावर गेलेलीने कसल्या आठवणी लिहायच्या? पण जवळ गेलेलं माणूस नीट जातही नाही आणि नीट राहतही नाही. तुम्ही दिवाळीला येता, तुमचं कौतुक होतं. मी मात्र बारशाला, दहाव्याला, कुणाच्या दवाखान्याला शिफ्ट बदलून पळत राहिले. दोन्हीकडे मला कामालाच धरलं.

आबांनी बजावूनही पाण्याचं मी बघितलं नाही. रो-हाउस घेतलं तेव्हा दारापुढच्या पट्टीभर जागेलाच भुलले. नर्सरीतून गुलाब आणले, शेवंती आणली, शोभेच्या पानांची झाडं आणली. पाणी यायचं दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर. धुणं खळबळल्याचं पाणी बादलीने घातलं, तरी उन्हाळा सरेपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. तोवर मीही जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात लाइनवर लागले होते. अख्खी शिफ्ट उभं राहून घरी आल्यावर गुलाबाचे नखरे पुरवायची ताकद अंगात राहत नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ज्याला कुनी पानी घालत न्हाई, असलं लाव की."

मग पावसाळ्यात आमच्या बांधावरच्या निर्गुडीच्या आणि अडुळशाच्या फांद्या आणून दारापुढच्या हद्दीच्या तारेकडेने खोचल्या. करवंदाच्या बिया टाकल्या. लाल फुलांच्या धायटीचं एक रोप डोंगराच्या वाटेवरून आणलं, ते महिनाभर रुसून मग लागलं. शेजारच्या बाई म्हणायच्या, दारात जंगल काय लावता? काही पावसाळ्यांत कुंपण माझ्या खांद्याला आलं. ना खत, ना फवारणी. खरं सांगते, त्या घरात माझ्याकडून काही न मागणारं तेवढंच होतं.

आई गेली आणि आबा एकटे पडले. मी एकुलती एक. धरणाकडेचं रान त्यांना झेपेना, म्हणून ते पर्यटकांसाठी तंबू ठोकणाऱ्यांना भाड्याने दिलं. त्यांनी बांध मोडून सपाट लॉन केलं. आता माहेरच्या शेतात लॉन आहे आणि तळेगावात माझ्या दारात रान. हसावं की रडावं, कळत नाही.

आबांचे गुडघे गेले तेव्हा आम्ही दोघं जाऊन त्यांना घेऊन आलो. गाडीत ते म्हणाले, "लेकीच्या घरी ऱ्हायाचं म्हंजी..." पुढचं तुम्हालाही माहीत आहे. आपल्याकडे लेकीच्या घरी बाप चहापुरता टेकतो. आमचे हे मनाने चांगले, त्यांनी आबांना एका शब्दानेही दुखवलं नाही. पण आबा परकेच राहिले. पंखा लावायचा तरी विचारायचे. खोकला झाला तर अडुळशाची पानं खुडायला माझी परवानगी मागायचे, कारण बाग जावईबापूंची. सकाळी अंघोळ उरकून, टोपी घालून खुर्चीत बसायचे, कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखे. बोलण्यात कायम 'तुमचं घर', 'तुमचं पाणी'. मला धास्ती एकच होती. हा माणूस असाच पाहुणा म्हणून मरेल आणि मी तेव्हा शिफ्टवर असेन.

शिमगा जवळ आला होता. पहिल्या पाळीहून घरी आले, तर दारापुढे कुंपणच नव्हतं. निर्गुडी, अडुळसा, धायटी, सगळं गुडघ्याखाली छाटलेलं. करवंदं लहान म्हणून तेवढी वाचलेली. फांद्यांचे भारे बांधून तारेला ओळीने टेकवलेले. आबा पायरीवर बसून कोयता पुसत होते.

भारे बघून माझ्या ध्यानात आलं. याच दिवसांत आपल्याकडे बांधावरचं तोडतात. त्या फांद्या भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरायच्या, वर शेण, वाळलेल्या पानांचा पातेरा, माती घालून उन्हाळ्यात पेटवायच्या. राब भाजायचा. भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येतं. आबांनी जन्मभर हेच केलं होतं, हात कसे थांबणार? पण इथे ना भात, ना रोप. जाळ केला असता तर सोसायटीवाले धावत आले असते.

कळलं म्हणून राग गेला, असं मात्र झालं नाही. पाय भरून आले होते, डोकं ठणकत होतं, आणि माझं म्हणावं असं जे एक होतं तेही आडवं पडलं होतं. चपला न काढताच मी म्हणाले, "आबा, तोडायच्या आधी मला इचारायचं तरी."

त्यांनी वर बघितलं. मी काय म्हणते ते त्यांना खरंच उमगेना.

"आपल्या बांधाचं तोडाया कुनाला इचारायचं असतं?"

मी तिथेच पायरीवर बसले. दुसऱ्याच्या बांधावरची फांदी तोडली म्हणून आपल्या गावात भाऊबंदकी कशी पेटते, ते तुम्हीही पाहिलंय. आबांनी कधी परक्याच्या काडीला हात लावला नाही. मला रडू आलं, पण धड रडण्याइतकंही त्राण नव्हतं. आबांनी कोयता बाजूला सारला, गुडघे चोळले आणि म्हणाले, "चा ठेव. दमलो मी."

माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी पवनेकडे बोट दाखवायचे. तिकडे आता आमचा बांध उरलेला नाही. तेवढ्यात शेजारच्या बाई गेटाशी आल्या आणि बागेची ही वाट कुणी लावली म्हणून विचारू लागल्या. मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच सांगितलं, "घरच्याच माणसानं."